नेक्स्टक्लाउड: फाइल सिंकची परीक्षा वाईट दिवशी

फाइल सिंकचं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यात छानच चालतं. एका लॅपटॉपवर सेव्ह केलेली फाइल दुसऱ्यावर दिसते, लिंक पाठवली की समोरच्याकडे उघडते, सगळे खूश. त्याचा खरा वकूब कळतो तो पुढे, चार प्रसंगांत. एकच एक्सेल फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं कुणीतरी पुसलं. अख्खं फोल्डर चुकून उडालं. किंवा सर्व्हर बसला आणि कालच्या बॅकअपवरून उभा करावा लागला. नेक्स्टक्लाउड या स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या सिंक सॉफ्टवेअरकडे इथे याच चार प्रसंगांतून पाहिलं आहे. कॅलेंडर, चॅट, व्हिडिओ कॉल हेही त्यात मिळतं, पण त्यासाठी कुणी फाइल सर्व्हर बदलत नाही.

थोडी ओळख. ओनक्लाउड हा फाइल सिंकचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. त्याचेच संस्थापक फ्रँक कार्लिचेक आणि बरेचसे सहकारी २०१६ मध्ये बाहेर पडले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये त्याच कोडमधून नेक्स्टक्लाउड निघालं. परवाना एजीपीएल, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. सॉफ्टवेअर फुकट, कंपनीचा सपोर्ट हवा असेल तर तो विकत. आत पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, एक डेटाबेस आणि फाइल्सची ने-आण करायला वेबडॅव्ह हा प्रोटोकॉल. फाइल्स तुमच्या सर्व्हरच्या डिस्कवर साध्या फाइल्स म्हणूनच पडलेल्या असतात, म्हणजे सॉफ्टवेअर पार झोपलं तरी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून कागदपत्रं उचलता येतात. या गोष्टीची किंमत अडचणीच्या दिवशी कळते.

बसवण्याचे दोन रस्ते आहेत. ऑल-इन-वन हा डॉकरचा (म्हणजे कंटेनर नावाच्या तयार पेट्यांत बांधलेल्या सॉफ्टवेअरचा) संच घेतला तर डेटाबेस, रेडिस (मेमरीत चालणारा झटपट डेटा-साठा), बॅकअपसाठी बोर्ग आणि हवं असल्यास ब्राउझरमध्ये चालणारं कोलॅबोरा ऑफिस असं सगळं जुळवलेलं मिळतं. ज्यांच्याकडे पूर्णवेळ सर्व्हर सांभाळणारा माणूस नाही त्यांनी दुसऱ्या रस्त्याला, म्हणजे हाताने बसवायला, जाऊच नये. हाताने बसवणाऱ्यांकडून चार गोष्टी हटकून राहतात. पीएचपीची मेमरी मर्यादा किमान ५१२ एमबी लागते. पडद्यामागची कामं क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीने, दर ५ मिनिटांनी चालली पाहिजेत. सुरुवातीचा ‘एजॅक्स’ पर्याय तसाच ठेवला तर कुणी वेबपान उघडेपर्यंत ट्रॅशची सफाईसुद्धा होत नाही. फाइल लॉकिंगसाठी (एका वेळी एकानेच फाइलला हात लावावा म्हणून) रेडिस हवं, नाहीतर ते काम डेटाबेसवर पडतं आणि अर्धवट तुटलेल्या अपलोडनंतर ‘४२३ लॉक्ड’ असा एरर येत राहतो. तो लॉक साधारण तासाभराने आपोआप सुटतो, पण तोवर फाइलच्या मालकाचा जीव टांगणीला. आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात जास्त छळते: ट्रस्टेड प्रॉक्सी.

ही भानगड नीट समजून घ्यावी अशी आहे. नेक्स्टक्लाउडसमोर बहुतेक ठिकाणी एक रिव्हर्स प्रॉक्सी असतो, म्हणजे बाहेरची प्रत्येक विनंती आधी घेऊन आत पाठवणारा सर्व्हर. त्याचा पत्ता कॉन्फिगमधल्या ट्रस्टेड प्रॉक्सीजच्या यादीत घातला नाही, तर सर्व्हरला वाटतं की सगळे लोक एकाच आयपीवरून येताहेत. मग एखाद्याच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड राहिला आणि तो बिचारा दर काही मिनिटांनी चुकीचं लॉगिन करत बसला, की पासवर्ड ओळखायचे वारंवार प्रयत्न रोखणारं ब्रूट-फोर्स संरक्षण जागं होतं आणि त्या ‘एका’ आयपीला ढकलत ढकलत २५ सेकंदांपर्यंत थांबवतं. म्हणजे एका फोनमुळे अख्खं ऑफिस मंद. लोक रॅम वाढवतात, डिस्क बदलतात, नेटवाल्याला शिव्या घालतात. आजार भलताच असतो. ओळखायची खूण सोपी: सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर एकच आयपी दिसला तर आधी हीच सेटिंग बघा. ॲडमिनच्या ओव्हरव्ह्यू पानावर पिवळ्या-लाल सूचना येतात, त्यातही याचा इशारा बऱ्याचदा असतो. ते पान पूर्ण हिरवं झाल्याशिवाय लोकांना आत घेऊ नये.

मशीन किती मोठं? पंचवीस-तीस जणांच्या ऑफिसला चार कोर, ८ जीबी रॅम आणि डेटाबेससाठी एसएसडी पुरतं. ब्राउझरमध्येच कागदपत्रं संपादित करायची असतील तर १६ जीबी धरा. डेस्कटॉप क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरचं सिंकचं ॲप, ‘काही नवीन आलं का?’ असं सर्व्हरला दर ३० सेकंदांनी विचारतो. पन्नास लॅपटॉप म्हणजे कुणी काहीही करत नसतानाही मिनिटाला शंभर चौकशा. यावर क्लायंट पुश नावाचा वेगळा घटक आहे. तो बसवला की बदल झाल्यावर सर्व्हरच क्लायंटला हाक मारतो. त्यालाही रेडिस लागतं. वीसच्या वर लोक असतील तर हा ऐच्छिक मानू नका.

आता मुख्य उणीव. नेक्स्टक्लाउड फाइलचा बदललेला तुकडा पाठवत नाही, अख्खी फाइल पुन्हा पाठवतं. मोठी फाइल तुकड्यांत जाते खरी, पण सगळे तुकडे जातात. २ जीबीची मेलची पीएसटी फाइल आहे, तिच्यात एक मेल आला, आणि तुमचा अपलोड वेग २० एमबीपीएस आहे. हिशोब करा: किमान तेरा-चौदा मिनिटं. तेवढ्यात दुसरा मेल येतो. क्लायंट दिवसभर तेच एक ओझं वर चढवत बसतो आणि सर्व्हरवर जुन्या व्हर्जनच्या पूर्ण आकाराच्या प्रती साठतात. म्हणून पीएसटी, हिशोबाच्या पॅकेजचा चालू डेटाबेस, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क या गोष्टी सिंक फोल्डरमध्ये ठेवायच्याच नाहीत. चालू डेटाबेस तर कुठल्याच सिंक सॉफ्टवेअरमध्ये ठेवू नये. त्याच्या तीन-चार फाइल्स वेगवेगळ्या क्षणी वर गेल्या की दुसऱ्या मशीनवर उतरतो तो खिचडी झालेला डेटा.

इथे सीफाइल हे दुसरं सिंक सॉफ्टवेअर सरस आहे. ते फाइलचे ब्लॉक पाडतं आणि बदललेलेच ब्लॉक पाठवतं, त्यामुळे वेग जाणवण्याइतका जास्त. पण त्याच कारणाने सर्व्हरच्या डिस्कवर तुमच्या फाइल्स फाइल्स म्हणून दिसत नाहीत, नुसते ब्लॉक दिसतात, आणि डेटाबेस बिघडला तर त्यांच्याच अवजाराने त्या जुळवून काढाव्या लागतात. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठ्या ड्रॉइंगचं काम असेल तर सीफाइल बघा. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो हेच नव्वद टक्के असेल तर नेक्स्टक्लाउडची साधी डिस्क आम्हाला जास्त पटते.

पहिला प्रसंग: दोघांनी एकच फाइल बदलली. ज्याचा बदल आधी सर्व्हरवर पोचला त्याची फाइल मूळ नावाने राहते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर त्याच्या फाइलचं नाव बदलून पुढे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ आणि तारीख-वेळ लागते. काहीच हरवत नाही, हे चांगलं. पण ती प्रत फक्त त्याच लॅपटॉपवर असते, बाकीच्यांना तिचा पत्ता नसतो. क्लायंटच्या खिडकीतल्या सूचनेकडे त्याने दुर्लक्ष केलं तर महिन्याभराने ‘माझे आकडे कुठे गेले’ यावरून वाद होतात. सूचना दिसते त्या दिवशीच ती सोडवायची शिस्त लावा. ज्या दोन-चार शीट्सवर रोज अनेकांचे हात पडतात त्या कोलॅबोरा किंवा ओन्लीऑफिसने ब्राउझरमध्येच उघडायच्या. तिथे सगळे एकाच प्रतीवर लिहितात. बाकी फाइल्ससाठी ‘टेम्पररी फाइल्स लॉक’ हे ॲप पुरतं, मात्र लॉक लावून सुट्टीवर जाणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात, म्हणून त्याला वेळेची मर्यादा घालून ठेवा.

दुसरा प्रसंग, सोडून गेलेला माणूस. नेक्स्टक्लाउडमध्ये फाइलला मालक असतो आणि खातं पुसलं की त्याच्या फाइल्सही जातात, त्याने इतरांना शेअर केलेल्या फोल्डरांसकट. त्यामुळे क्रम असा हवा: आधी खातं बंद करा, पुसू नका. मग ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या कमांड-लाइन अवजाराच्या ट्रान्सफर-ओनरशिप कमांडने सगळं दुसऱ्याच्या नावावर करा. नवीन मालकाने उघडून बघितल्यावर, महिन्याभराने, जुनं खातं पुसा. त्याच्या लॅपटॉपवरच्या प्रती पुसायच्या असतील तर खातं चालू असतानाच डिव्हाइसच्या यादीतून रिमोट वाइप द्यावं लागतं, आणि ते मशीन पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलेल तेव्हाच त्या प्रती पुसल्या जातात. पुन्हा नेटला लागलंच नाही तर काही होत नाही. म्हणून लॅपटॉपच्या डिस्कचं एन्क्रिप्शन वेगळं हवंच.

हा सगळा खटाटोप टाळायचा मार्ग म्हणजे टीम फोल्डर्स, ज्यांना आधी ग्रुप फोल्डर्स म्हणत. त्यांना व्यक्ती मालक नसते, गट असतो. जागेची मर्यादा फोल्डरची, ट्रॅश फोल्डरचा. खाती, करार, प्रकल्प अशी वरच्या पातळीची सगळी फोल्डरं पहिल्या दिवसापासून इथेच करा. वैयक्तिक फोल्डर शेअर करत करत वाढलेलं ऑफिस नंतर इकडे आणणं म्हणजे घर न रिकामं करता रंग काढणं. त्यातल्या बारीक परवानग्या कामाच्या आहेत, पण एक खाच आहे: वरच्या फोल्डरची ‘वाचणे’ ही परवानगी काढली आणि आतल्या फोल्डरला दिली, तर माणूस आतपर्यंत पोचूच शकत नाही. तीन पातळ्यांपेक्षा खोल परवानग्या लावू नका, वर्षभराने त्या कुणालाच उलगडत नाहीत.

तिसरा प्रसंग, फोल्डर उडालं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तरी फाइल उडाल्यावरच आठवतं. एका लॅपटॉपवर रॅन्समवेअरने (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) फाइल्सची वाट लावली की क्लायंट इमानेइतबारे त्या वाट लागलेल्या फाइल्स सगळीकडे पोचवतो. वाचवतात ती व्हर्जन्स, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या फाइलच्या जुन्या प्रती. त्यांचा विरळ होत जाण्याचा नियम चांगला आखलेला आहे: शेवटच्या तासात मिनिटाला एक, चोवीस तासांत तासाला एक, महिन्यापर्यंत दिवसाला एक, त्यानंतर आठवड्याला एक. डिलीट केलेल्या फाइल्स ३० दिवस राहतात असं सांगितलं जातं. पण दोन्हींना एक अट आहे, माणसाच्या कोट्यात उरलेल्या मोकळ्या जागेच्या निम्म्याहून जास्त जागा ट्रॅशने किंवा व्हर्जन्सनी खायची नाही. कोटा १० जीबी आणि ९ भरलेले असतील तर व्हर्जन्सच्या वाट्याला अर्धा जीबी येतो. मग तीस दिवस कसले आणि आठवडे कसले. कोटे सैल ठेवा आणि सध्याच्या डेटाच्या दुप्पट डिस्क घ्या.

चौथा प्रसंग, बॅकअपवरून परत येणं, आणि इथे अनुभवी ॲडमिनही फसतो. बॅकअप तीन गोष्टींचा हवा: डेटा फोल्डर, डेटाबेस आणि कॉन्फिग. तिन्ही एकाच वेळचे, मेंटेनन्स मोड लावून (म्हणजे सर्व्हर लोकांसाठी तात्पुरता बंद ठेवून) घेतलेले. सर्व्हरला फाइल्सची यादी डेटाबेसमधून कळते, डिस्कवरून नाही. नुसत्या फाइल्स डिस्कवर कॉपी केल्या तर त्या दिसतच नाहीत, त्यासाठी फाइल्स-स्कॅन कमांड चालवावी लागते. आता समजा काल रात्रीचा बॅकअप आज दुपारी चढवला. लोकांच्या लॅपटॉपवर आज सकाळच्या फाइल्स आहेत, सर्व्हरवर नाहीत. क्लायंट म्हणेल, सर्व्हरवरून ही फाइल कुणीतरी पुसली, मग मीही पुसतो. म्हणजे उरलेली एकमेव प्रतसुद्धा गेली! यावरचा उपाय एका ओळीचा आहे. बॅकअप चढवल्यावर, मेंटेनन्स मोड काढण्याआधी, ओसीसीची मेंटेनन्स: डेटा-फिंगरप्रिंट ही कमांड चालवायची. त्याने क्लायंटना कळतं की सर्व्हर मागच्या तारखेला गेला आहे, आणि ते पुसण्याऐवजी कॉन्फ्लिक्टच्या प्रती करतात. पसारा होतो, पण डेटा राहतो. ही कमांड सर्व्हरच्या खोलीत कागदावर लिहून चिकटवावी इतकी मोलाची आहे.

एन्क्रिप्शनबद्दल गैरसमज भरपूर. सर्व्हर-साइड एन्क्रिप्शनमध्ये किल्ल्या त्याच सर्व्हरवर असतात, म्हणजे सर्व्हरवर ताबा मिळवणाऱ्यापासून ते वाचवत नाही. फाइलची आणि फोल्डरची नावंही त्यात झाकली जात नाहीत. बाहेरच्या भाड्याच्या स्टोरेजवर डेटा ठेवत असाल तरच त्याला अर्थ आहे. स्वतःच्या डिस्कसाठी अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन सोपं आणि कमी कटकटीचं. एंड-टू-एंड, ज्यात किल्ली सर्व्हरकडे नसून वापरणाऱ्याकडेच असते, ते वेगळं: ते रिकाम्या फोल्डरवर चालू करावं लागतं, बारा शब्दांची किल्ली मिळते, ती हरवली तर फाइल्सवर पाणी सोडायचं. अशा फोल्डरमध्ये ब्राउझरमधलं संपादन आणि मजकुराचा शोध नाही. पगाराची आणि करारांची एक-दोन फोल्डरं तिथे ठेवावीत, सगळं ऑफिस नाही. आणि ‘एंड-टू-एंड’ हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी असा दावा करणाऱ्या पाच सेवा तपासल्या, तेव्हा चारांत गंभीर दोष निघाले. त्यांत सीफाइलही होतं.

खरा धोका शिळ्या व्हर्जनचा. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमधल्या एका एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला फसवून हुकूम देण्याच्या) भोकातून जगभरच्या संस्थांचा डेटा चोरीला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओनक्लाउडच्या ग्राफ एपीआय घटकातला दोष जाहीर झाला. कंटेनरमध्ये बसवलेल्या सर्व्हरवर ॲडमिनचा पासवर्डसुद्धा त्यातून बाहेर पडू शकत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा. फाइल शेअरिंगचा सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करूनच उभा असतो, त्यामुळे पॅच लावायला महिने घालवले तर बैल गेला आणि झोपा केला अशी गत होते. नेक्स्टक्लाउडचं मोठं व्हर्जन वर्षातून दोन-तीनदा येतं, फुकट आवृत्तीला सुधारणा साधारण वर्षभरच मिळतात आणि मधलं मोठं व्हर्जन गाळून उडी मारता येत नाही. दोन वर्षं मागे राहिलात तर पाच-सहा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात, आणि मध्येच पीएचपीची गरजही बदलते. महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी राखता येत नसेल तर स्वतःचा सर्व्हर नकोच, सरळ चालवून देणारा घ्या.

लिंकांसाठी ॲडमिनच्या शेअरिंग पानावर पासवर्ड आणि मुदत दोन्ही सक्तीचे करा. बाहेरच्यांकडून कागद मागवायला फाइल ड्रॉप उत्तम: समोरचा टाकू शकतो, आत काय आहे ते बघू शकत नाही. ‘डाउनलोड लपवा’ हा पर्याय फक्त बटण लपवतो. जे स्क्रीनवर दिसतं ते घेणारा घेतोच. मोबाइल आणि डेस्कटॉपला मुख्य पासवर्ड न देता ॲप पासवर्ड द्या, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) सर्वांना लावा, ऑडिट लॉगचं (कुणी काय केलं याच्या नोंदीचं) ॲप चालू ठेवा.

राहिली फाइलच्या नावांची गंमत, जी इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट्स. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट्स खातं. म्हणजे ८५ चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचा सुधारित अंतिम मसुदा’ असल्या नावाच्या दुपटीहून लांब नावं ठेवणाऱ्यांना ही भिंत लागते. त्याहून चमत्कारिक म्हणजे ‘दौऱ्याचे’ आणि ‘दौर्‍याचे’. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एकात ऱ हे अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह; कुठल्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर हे ठरतं. सर्व्हरच्या लेखी ही दोन फोल्डरं. अर्धे लोक एकात टाकतात, अर्धे दुसऱ्यात, आणि शोधलं तर सापडत नाही. सामायिक फोल्डरांची नावं एकानेच टाइप करावीत आणि बाकीच्यांनी ती कॉपी करावीत, एवढाच इलाज. मॅकवरून बाहेरचं स्टोरेज जोडलं असेल तर त्याच्या सेटिंगमधला मॅक एनकोडिंगचा पर्याय चालू करून पाहा. ऱ तिथे र आणि नुक्ता असा फुटलेला असू शकतो. विंडोजला नावात कोलन आणि प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ‘बैठक १०:३०’ ही लिनक्सवरची फाइल तिथे उतरतच नाही. तिसाव्या व्हर्जनपासून अशी नावं सर्व्हरवरच अडवायची सोय आहे, ती चालू करावी.

घ्यायचं ठरवण्याआधी पाच जणांना दोन आठवडे वापरायला द्या आणि शेवटच्या दिवशी एक तालीम करा. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवा, फिंगरप्रिंटची कमांड चालवा, मेंटेनन्स मोड काढा आणि पाचही लॅपटॉप उघडा. आज सकाळी बनवलेल्या फाइल्स पाचही ठिकाणी जागेवर हव्यात, भले सोबत कॉन्फ्लिक्टच्या प्रतींचा ढीग लागो. एकही गायब असेल तर बॅकअपची पद्धत सुधारा, दुसऱ्या दिवशी तीच तालीम पुन्हा करा, आणि तोवर ऑफिसचा खरा डेटा जुन्याच जागी राहू द्या.